म्हणूनचे तीन ठिपके

गणितात ∴ असं एक चिन्ह असतं. दोन ठिपके खाली, एक वर. ते वाचायचं ‘म्हणून’. तेच उलटं केलं की ∵, त्याला म्हणायचं ‘कारण’. मला या दोन्ही चिन्हांचा राग आहे. थोडाथोडका नाही, तळपायाची आग मस्तकात जाते असा. मी पुसदला एका बँकेत नोकरी करते, दिवसभर एनपीए, ईएमआय, सीडी रेशो असल्या अक्षरांमध्ये बसलेली असते. त्यांचं मला काही वाटत नाही, पोटापाण्याची अक्षरं आहेत ती. पण पोराच्या वहीत ∴ दिसलं की मी वही मिटून टाकते आणि त्याला त्याच्या बापाकडे पाठवते. माझ्या बाबांचा आवाज या ठिपक्यांपायी बंद पडला. ठिपक्यांचा वाटा किती आणि माझा किती, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

बाबा मापाडी होते. तालुक्याच्या बाजारात, कापसाच्या काट्यावर. खाकी शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला, आणि आवाज असा की यार्डाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल कान टवकारायचा. वजन त्यांनी मोठ्यानं पुकारायचं, हे त्यांचं कामच होतं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, मग तीन. पण बाबा तिथं थांबत नसत. गाडीचा पूर्ण हिशेबही ते बोलूनच करायचे. तो खरं तर अडत्याच्या मुनीमचा मान. पण शेतकरी, आणि बाया तर जास्तच, बाबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय गाडी हलवत नसत. साडेतीन क्विंटल, भाव अठराशे चाळीस. बाबा काट्याकडे पाहतच सुरू करायचे, ‘अठराशे चाळीस तीनदा पाच हजार पाचशे वीस, अर्ध्याचे नऊशे वीस, झाले सहा हजार चारशे चाळीस.’ शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही प्रत्येक तुकडा कानानं तपासता यायचा. मुनीमचं कॅल्क्युलेटर मागाहून तेच म्हणायचं.

कापसाचे दिवस तेव्हा वाईट होते. गाड्या दोन-दोन दिवस रांगेत, भाव सकाळी एक न् दुपारी दुसरा, कोणाचा कोणावर भरोसा नाही. अडत्यावर नाही, काट्यावर नाही, सरकारवर तर नाहीच नाही. त्या सगळ्या बजबजपुरीत लोक एका माणसाच्या बोलण्यावर भरोसा ठेवायचे, आणि तो माणूस माझा बाप होता. मला त्याचा किती माज होता म्हणून सांगू!

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी ते पोरांकडून घोकून घ्यायचे. मी त्यांच्यात सगळ्यात पुढं. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यार्डात गेले की बाबा मुद्दाम मला विचारायचे, आणि मी ठणकावून उत्तर द्यायची. हमाल माना डोलवायचे. मला वाटायचं, गणित म्हणतात ते हेच.

मग नववीत गणिताचे सर आले. बदलून आलेले, पांढरा बुशशर्ट, खिशात लाल पेन. त्यांची पहिली गोष्ट म्हणजे ∴. प्रत्येक ओळीआधी ∴ पाहिजे, नाही तर अर्धा गुण गेला. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, पट्टी लावून पाहायचे. ल.सा.वि. लिहिताना टिंबं गाळली तर लाल गोल. दर साल दर शेकडा असं पूर्ण लिहिलं तरी गोल, कारण ‘द.सा.द.शे.’ लिहायची पद्धत आहे. त्रिकोणाच्या कसोट्या बाकोबा, कोबाको, बाबाबा. आम्ही हसलो की वर्गाबाहेर. या माणसाला उत्तराशी काही देणंघेणं नव्हतं. उत्तर हे त्यांच्या लेखी पंगतीतल्या मिठासारखं, पानाच्या कोपऱ्यात वाढलं काय न् नाही वाढलं काय.

नववीच्या वार्षिक परीक्षेत एक गणित होतं. एका संख्येची अडीचपट आणि तिचीच पाऊणपट यांची बेरीज अठ्ठ्याहत्तर, तर ती संख्या कोणती? आता यात लिहायचं काय? अडीच आणि पाऊण सव्वातीन. सव्वातीन चोक तेरा. तेरा सक अठ्ठ्याहत्तर. सहा चोक चोवीस. श्वास घ्यायच्या आत झालं. मी लिहिलं, ‘उत्तर २४’, आणि पुढच्या गणिताला लागले. पूर्ण पेपर तसाच सोडवला. अर्ध्या तासात हात मोकळा, खिडकीतून चिंचेकडे पाहत बसले.

शंभरपैकी एकोणतीस मिळाले. पस्तीसला पास. पेपर हातात आला तेव्हा प्रत्येक उत्तरासमोर बरोबरची खूण होती आणि तिच्याजवळ चारपैकी एक, कुठं शून्य; पूर्ण गुण फक्त रिकाम्या जागांचे. खाली लाल अक्षरांत ‘रीत नाही’. मी पेपर बाकावर आपटला. सर म्हणाले, बाजूच्याचं पाहून उत्तरं उतरवली असशील. माझ्या बाजूला जी बसायची तिला बावीस मिळाले होते. तिचं पाहून मी काय उतरवणार, कपाळ?

मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावलं. शाळेची त्या काळात एक चाल होती, अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. दहावीत नापास होईल असं पोरगं नववीतच हेरायचं, त्याचा दाखला काढून हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भर. म्हणजे घरी बसून बाहेरून दहावीची परीक्षा दे. पास झालास तर तुझं नशीब, नापास झालास तर शाळेच्या निकालाला डाग नको. सतरा नंबर भरलेली पोरं पुढं दिसायची ती सोयाबीन सोंगताना नाही तर काळीपिवळी जीपच्या मागं लटकून सवाऱ्या ओरडताना. मुलींचं तर विचारूच नका.

बाबा बिल्ला लावूनच आले. त्यांना वाटलं असेल, बिल्ला पाहून दोन शब्द बरे बोलतील. ऑफिसात त्यांना बसायला खुर्ची दिली नाही. सर माझा पेपर उलटापालटा करून दाखवत होते आणि बाबा उत्तरं वाचून मान हलवत होते, खूश होत होते. शेवटी म्हणाले, ‘‘सर, उत्तरं तं सारीच बरोबर हायेत.’’

सर म्हणाले, उत्तराला एक गुण, रीतीला तीन.

‘‘रीत हाये ना तिच्याजवळ. ते बोलून करते. तुमी तिले बोलू द्या, एक एक तुकडा सांगन ते.’’

सरांनी पेनाला टोपण लावलं. ‘‘बोलून करतात तो बाजार,’’ ते म्हणाले. ‘‘हे गणित आहे.’’

मला वाटलं होतं, बाबा यार्डात पुकारतात तसं काहीतरी बोलतील आणि ऑफिसच्या काचा वाजतील. पण ते ‘‘हाव सर’’ म्हणाले. माझ्या बापाला कोणापुढं एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. सरांचा मला आजही एवढा राग येतो तो एकोणतीस गुणांमुळं नाही, त्या ‘हाव सर’मुळं. मुख्याध्यापकांनी ठरवलं, जूनमध्ये पुन्हा परीक्षा, त्यात पास झाली तर ठीक, नाही तर सतरा नंबर.

उन्हाळाभर मी रीत शिकले. शिकले कसली, चोरी शिकले. गणित वाचलं की उत्तर डोक्यात यायचंच, त्याला मी काय करू? मग मी आधी पानाच्या तळाशी उत्तर लिहायची आणि खालून वर पायऱ्या भरत जायची. २४ च्या वर ∴ क्ष = ७८ ÷ ३.२५. त्याच्या वर ∴ ३.२५ क्ष = ७८. सगळ्यात वर ‘समजा, ती संख्या क्ष आहे’. कशाला समजा? मला माहीत होती ना ती संख्या! पण लिहिलं. शंभर गणितं लिहिली, दोनशे लिहिली. ठिपके गोल येत नव्हते तर ते वेगळे गिरवले.

जूनमध्ये एकसष्ट गुण पडले. सर वर्गासमोर म्हणाले, आता हिला गणित यायला लागलं. आणि खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. ज्या माणसाला मी उन्हाळाभर शिव्या घातल्या, त्याच्या एका वाक्यानं मी फुगले. इथंच सगळं बिघडलं. मी दहावीत बसले, आणि बाबांचं बोलणं मला कानाला खुपायला लागलं. डबा घेऊन गेले आणि यार्डाच्या फाटकाशी वर्गातल्या मुली दिसल्या की वाटायचं, आता बाबांनी तोंड उघडू नये. एकदा तर मी त्यांना म्हणालेही, जरा हळू पुकारत जा. ते हसले. हळू पुकारणारा मापाडी म्हणजे काय ते मला आता समजतं.

दसऱ्याच्या आधी बाजाराच्या फळ्यावर नोटीस लागली. या हंगामापासून मापाड्यानं तोलपट्टी स्वतः लिहायची. वजन क्विंटलमध्ये, दशांशात. भाव, रक्कम, खाली सही. पट्टीवर असेल तेच खरं, बोललेलं धरलं जाणार नाही. ज्याला जमत नसेल त्यानं बिल्ला जमा करावा. बाबांना मराठी वाचता यायचं, सही यायची, आकडे यायचे. दशांश मात्र कधी लिहिला नव्हता. त्यांचं सगळं काम पाव, अर्धा, पाऊण यांवर चालायचं.

ते माझ्याकडे आले. वहीचा एक कोरा कागद घेऊन, माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुह्या सरनं शिकवलं तसं मले शिकव.’’

मी शिकवलं, पण कसं? सरांसारखं. लाल पेन घेऊन. माझी चाचणी होती दुसऱ्या दिवशी, आणि समोर हा माणूस एका टिंबापाशी अडून बसलेला. मी उदाहरणं दिली. तीन क्विंटल पन्नास किलो, लिहा ३.५०. सहा क्विंटल पंचवीस किलो, लिहा ६.२५. आधी क्विंटल, मग टिंब, मग किलो, बस. बाबांनी चार-पाच वेळा लिहून पाहिलं. आकडे मोठे-मोठे, ओळीबाहेर जाणारे. मी त्यावर लाल रेघ मारली आणि पुन्हा लिहायला लावलं. आईनं चुलीजवळून सांगितलं, तो बाप आहे तुझा, जरा मायेनं बोल. मी तिलाही गप्प केलं.

मग बाबांनी विचारलं, वरचे किलो अगदी कमी असले तर कसं लिहायचं?

आता हा प्रश्न किती बरोबर होता पाहा. तीस वर्षं काट्यावर उभं राहिलेल्या माणसाचा प्रश्न होता तो. आणि मी वैतागून म्हणाले, ‘‘कायले फाटे फोडता बाबा? असन तसं लिहा.’’

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी केली आणि बिल्ल्याच्या खिशात ठेवली. हंगामाचे पहिले दिवस बरे गेले. बाबा पट्टी लिहीत होते, हळू, पण लिहीत होते. आधी डोक्यात करायचे, मग कागदावर, आणि दोन्ही जुळलं की सही. लोक म्हणायचे, बोलून सांगा ना. ते म्हणायचे, आता कागदच धरतात, बोललेलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी डबा घेऊन गेले. काट्यावर एक म्हातारी होती, एकटी, भाड्याच्या गाडीनं कापूस आणलेला. तिचं वजन भरलं चार क्विंटल पाच किलो. भाव एकोणीसशे. बाबांनी मांडीवर पट्टी घेतली. माझ्याकडे पाहून जरासे हसले, बघ, तुझं शिकवलेलं कसं करतो ते. आणि लिहिलं ४.५. त्याला एकोणीसशेनं गुणलं, ओळ ओळ मांडून, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. आठ हजार पाचशे पन्नास.

मी पाहत होते. ४.५ म्हणजे साडेचार. पाच किलोचे पन्नास किलो झाले होते. मला दिसलं, लगेच दिसलं. पाचच्या आधी शून्य पाहिजे होतं, आणि ते शून्य मी त्यांना कधी दाखवलंच नव्हतं.

बाबांचे ओठ हलत होते. मला ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणत होते ते मला ठाऊक होतं. चारचे सात हजार सहाशे, पाच किलोचे पंच्याण्णव, झाले सात हजार सहाशे पंच्याण्णव. त्यांच्या डोक्यात बरोबर आलं होतं. कागदावर दुसरं होतं. त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं, पुन्हा ओठ हलवले. मग सही केली. डोक्यातलं सोडलं आणि कागदातलं धरलं.

मुनीमनं पट्टी हातात घेताच आवाज चढवला. आठशे पंचावन्न रुपये जास्तीचे लावले, हे कोणाच्या घरचे? अडत्या गादीवरून उठून आला. तो काय बोलला ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हातारीशी संगनमत केलं, तीस वर्षं असंच चाललं असेल, बोलून बोलून आमच्या डोळ्यांत धूळ फेकली. हमाल गोळा झाले. म्हातारी बिचारी म्हणत होती, मले काही ठाव नाही, बाप्पा, मले आठ नको न् सात नको, याले बोलून सांगू द्या. कोणी तिचं ऐकलं नाही. बाबा सगळ्यांमध्ये उभे होते, पट्टी हातात, आणि माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही, शाळेत पोरगं मास्तरकडे पाहतं तसं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं, की हे मी शिकवलं, चूक माझी आहे. एक वाक्य. जीभ टाळ्याला चिकटली म्हणणं सोपं आहे. ती चिकटली नव्हती. फाटकाशी वर्गातल्या दोघी उभ्या होत्या आणि एकसष्ट गुणवालीचं शून्य चुकलं हे मला त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. मी तोंडातून ब्र काढला नाही.

बाजार समितीनं बिल्ला काढून घेतला. आठ दिवसांनी ताकीद देऊन परत केला, चोरी नाही, अडाणीपणा, असं ठरवून. पण मी सांगते आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. बाबा घरी आले, हात-पाय धुतले, आणि तो घडी केलेला कागद माझ्यापुढं उघडून ठेवला. ३.५०, ६.२५, माझ्या लाल रेघा.

‘‘कुठं चुकलं माह्यं, बाई?’’

मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं ४.०५. मी म्हणाले, इथं शून्य पाहिजे होतं, किलो दहाच्या आत असले की टिंबापुढं शून्य द्यायचं असतं. त्यांनी त्या शून्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, हे सांगितलं होतं काय तू?

आणि मी म्हणाले, ‘‘सांगितलं होतं ना. तुमाले ध्यानात राह्यलं नाही.’’

ज्या माणसाला सगळे अपूर्णांकांचे पाढे पाठ होते, ज्याला दहा वर्षांमागच्या गाडीचं वजन आठवायचं, त्याला मी हे म्हणाले. मला वाटलं ते भांडतील. म्हणतील, खोटं बोलू नको. ते म्हणतील तर मी कबूल करीन, असंही मी मनात ठरवलं होतं.

‘‘सांगितलं असन,’’ बाबा म्हणाले. ‘‘आता माह्याच डोक्यात राहत नाही.’’

त्यांनी माझं ऐकलं. पूर्ण विश्वास ठेवला. बिल्ला परत मिळाल्यावर ते पुन्हा काट्यावर उभे राहिले, अजून सहा-सात हंगाम. माप पुकारायचे, तेवढं तर पुकारावंच लागायचं. पण त्यापुढचा हिशेब कोणी विचारला की हात हलवून मुनीमकडे बोट दाखवायचे, म्हणायचे, माझा भरोसा नाही राहिला आता, चुकतो मी. विहारातल्या पोरांना पाढे सांगणंही त्यांनी त्याच महिन्यात सोडलं.